जात्यावरची ओवी आणि रोजची वही

दिवसाचा हिशेब त्याच दिवशी लिहून ठेवावा, ही आपल्या मुलखाची जुनी शिकवण आहे. वाण्याच्या दुकानात रोजकीर्द असे. दिवेलागण झाली की दुकानदार त्या दिवसाची जमा लिही, खर्च लिही, शिल्लक मांडी आणि मगच दुकानाच्या फळ्या लावी. सरकारदरबारी तर ही शिस्त फारच कडक होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या रोजनिशांतून वेचे काढले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते छापलेही गेले. कोणाला काय इनाम दिले, कोणत्या गावाला दुष्काळामुळे सूट दिली, कोणत्या तंट्याचा काय निवाडा झाला, हे सारे त्यांत तारीखवार सापडते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा केवढा खजिना!

पण त्या कागदांत एक गोष्ट कितीही शोधली तरी सहसा हाती लागत नाही. ज्या कारकुनाने तो कागद लिहिला, त्याच्या मनात त्या दिवशी काय चालले होते? त्याच्या घरी कोणी आजारी असेल, कोणी मोहिमेवर गेलेला परत आला नसेल, त्याचा उल्लेख रोजकिर्दीत कशाला येईल? तिथे पैशाला जागा, धान्याला जागा, हुकमाला जागा. मनाला खाते नव्हते. मग माझ्यासारख्या इतिहास शिकवणाऱ्याला प्रश्न पडतो, की आपल्या माणसांनी मनाचा हिशेब कधी मांडलाच नाही की काय?

मांडला हो, चांगला मांडला. तो कागदावर नव्हता आणि तो मांडणाऱ्या बहुतेक जणींना अक्षरओळखही नव्हती. तो हिशेब रोज पहाटे जात्यावर मांडला जात होता. आज मला तुमच्याशी त्याच हिशेबाविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी आपण पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात जाऊ.

पुण्याहून पश्चिमेकडे निघाले की पिरंगुट लागते, पुढे तालुक्याचे गाव पौड लागते आणि मग रस्ता डोंगरांत शिरून ताम्हिणी घाटाकडे जातो. मुळा आणि नीळा या नद्यांचे हे खोरे. पाऊस असा की चार महिने डोंगर दिसू नयेत. खाली खाचरांत भात, वर उतारावर नाचणी आणि वरई. वाड्या लांबलांब, जमीन थोडकी आणि चढाची. अशा मुलखात धान्य पिकवणे जितके कष्टाचे, तितकेच त्याचे पीठ करणे कष्टाचे होते. घरात दहा माणसे खाणारी असली तर बाईने कोंबडा आरवायच्या आधी उठावे, अंधारात जात्यापाशी बसावे, खुंटा धरावा आणि उजाडेपर्यंत दळावे. हे एक-दोन दिवसांचे नव्हे. लग्न होऊन आली त्या दिवसापासून हातात बळ आहे तोवर, रोज.

जात्याच्या त्या घरघरीबरोबर ओवी निघे. ओवी काही आजची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने इ. स. ११२९ मध्ये सिद्ध झालेल्या आपल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद केली आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी ओवीत सांगितली, त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून बायका उखळापाशी ओवी गात होत्या. ज्ञानेश्वरीच्या ओवीचे घराणे हे असे उखळ-जात्याचे आहे! नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या जात्याला खुद्द विठ्ठलाने हात लावला, ही कथा तर तुमच्या घरी आजीने सांगितलीच असेल. ती कथा मला फार बोलकी वाटते. दळताना बाई एकटी नसते, समोर ऐकणारे कोणीतरी असते, ही लोकांची श्रद्धा तीत आहे.

आता या ओवीत असे काय होते, की तिने मन हलके व्हावे? जरा बारकाईने पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. पहाटेची ती घटका बाईची स्वतःची. सासरा झोपलेला, नवरा झोपलेला, मुले झोपलेली. दिवसभर जिने मान वर करून बोलायचे नाही, तिला त्या घटकेत आवाज काढायची मुभा होती. उलट जात्यावर गप्प बसली तर लोक म्हणत, हिला गाता येत नाही का?

दुसरी गोष्ट हातांची. हात एका लयीत फिरत असले की मनाची गाठ सैल होते. मूठमूठ धान्य जात्याच्या तोंडात पडते आणि पाळीखालून पीठ झरत राहते, तसे आतले बोलणे ओळीओळीने बाहेर येते. एकदम सारे सांगायचे नसते. ओवी दोन ओळींची. पहिल्या ओळीत बाई बहुधा देवाचे, जात्याचे किंवा वाटेवरच्या झाडाचे नाव घेई आणि दुसऱ्या ओळीत मनातले काढी.

तिसरी गोष्ट आडोशाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सासूची कागाळी उघड केली तर घरात भांडण. पण सीतेचा वनवास गायला तर कोण काय म्हणणार? गरोदर सीतेला रामाने रानात सोडले, तिने कोणाकडे पाहून दिवस काढले, हे गाताना गाणारीला आपलेच दुःख सांगता येई. पलीकडच्या घरातली ऐकणारी ते बरोबर ओळखी आणि घरातल्यांना बोट ठेवायला जागा सापडत नसे.

चौथी गोष्ट सोबतीची. मोठे दळण असले की जात्याला दोघी बसत, समोरासमोर, एका खुंट्याला चार हात. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने उचलावी. एकीचे दुःख दुसरीच्या तोंडून पुढे सरके. या चार गोष्टी ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

याच मुळशीत १९२१ साली एक मोठी घटना घडली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने मुळा आणि नीळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून त्याचे पाणी कोकणात भिऱ्याकडे सोडायचे आणि त्या उतारावर वीज करायची, असे योजले. त्या पाण्याखाली मावळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भातखाचरांची जमीन जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीच्या मुहूर्तावर सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना लोकांनी 'सेनापती' म्हटले ते या लढ्यातले. माणसे बांधकामावर जाऊन बसत, मार खात, तुरुंगात जात. बायकाही मागे राहिल्या नाहीत. तीन-साडेतीन वर्षे हे चालले. अखेर धरण झाले, खोरे पाण्याखाली गेले आणि आगगाडी अडवल्याबद्दल सेनापतींना सात वर्षांची शिक्षा झाली. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला जगातला हा पहिला संघटित लढा, असे राजेंद्र व्होरा यांच्यासारख्या अभ्यासकाने त्याचे वर्णन केले आहे.

त्या लढ्यातले अनेक सत्याग्रही येरवड्याच्या तुरुंगात होते. मार्च १९२२ पासून जानेवारी १९२४ पर्यंत गांधीजीही तिथेच होते. मुळशीच्या कैद्यांना फटके मारल्याचे त्यांच्या कानी आले, तेव्हा त्यांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून ती गोष्ट धसास लावली. गांधीजी तिथे रोजनिशी लिहीत. ती त्रोटक आहे, काय वाचले, काय संपवले, एवढेच बहुधा तीत आहे. पुढे आश्रमात राहणाऱ्यांनीही रोजनिशी ठेवावी, असा त्यांचा आग्रह असे.

आता पाहा, त्या काळाची साधने किती तऱ्हेची आहेत. कंपनीचे कागद आहेत, सरकारचे आहेत, वर्तमानपत्रे आहेत, गांधीजींची पत्रे आणि रोजनिशी आहे. तुरुंगात गेलेल्या मावळ्याचे नाव दफ्तरात सापडेल. पण मागे राहिलेल्या त्याच्या बायकोचे काय? खाचर बुडाले, नवरा तुरुंगात किंवा मुंबईला ओझी वाहायला गेला, पदरी मुले, आणि पहाटे पुन्हा तेच जाते. तिच्या मनाची नोंद कोणत्या रुमालात आहे? ती ओवीतच असणार, आणि ओवी वाऱ्यावर गेली. कागदावर उतरली नाही म्हणून इतिहासातून निसटली. मुळशीच्या इतिहासातली ही उणीव मला वर्गात शिकवताना नेहमी टोचते.

सुदैवाने पुढच्या पिढ्यांच्या ओव्या वाचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यात येऊन राहिलेले गी पॉइटवॅं या दोघांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गरिबांमध्ये काम सुरू केले. 'गरीब डोंगरी संघटना' ती हीच. बायकांच्या बैठका होत, तिथे प्रश्न विचारला की बाया गप्प बसत. पण ओवीचा विषय निघाला की गप्प बसलेली बाई बोलू लागे! १९८०च्या दशकापासून त्यांनी ओव्या गोळा करायला आरंभ केला. नांदगाव, कोळवडे अशा मुळशीच्या गावांतल्या बाया नुसत्या गात नव्हत्या, इतर गावांतल्या ओव्या जमवायलाही मदत करत होत्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकाने त्यांच्याबरोबर आवाज ध्वनिमुद्रित केले. शंभराहून अधिक तासांचे ते मुद्रण आहे. हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या या कामातून लिहून झाल्या. पॉइटवॅं २००४ साली गेले, राईरकर २०१० साली गेल्या. मार्च २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला करायला सुरुवात केली. तुमच्या शाळेत ती सोय असेल तर मुलांना तो जरूर ऐकवा.

एक लाख ओव्या! थोडा विचार करा. जिला कोणी कधी 'तुला काय वाटते' असे विचारले नाही, तिने किती सांगून ठेवले! माहेरची वाट आहे, भावाची वाट पाहणे आहे, मुलीला दूर दिल्याचा पस्तावा आहे, दारूड्या नवऱ्याचा जाच आहे, लेकाचे कौतुक आहे, पंढरीची ओढ आहे, बाबासाहेबांवरची भक्ती आहे. आपण ज्याला रोजनिशी म्हणतो, त्यात आणखी काय असते?

मग जाते थांबले. पिठाची गिरणी आली. ती आली हे चांगलेच झाले. ज्यांनी जाते ओढले नाही त्यांनी जात्याचे गोडवे गाऊ नयेत. बायांचे खांदे मोडत होते, छाती भरून येत होती, आजारपणातही सुटका नव्हती. डोक्यावर डबा घेऊन गिरणीत गेले आणि घटकेत पीठ घेऊन परत आले, हे सुख लहान नाही. पण कष्टाबरोबर ती पहाटेची घटकाही गेली. पीठ दळायला यंत्र मिळाले, मन दळायला काही मिळाले नाही. आज मुळशीचा चेहरा पार बदलला आहे. हिंजवडी याच तालुक्यातली. तिथे संगणकाच्या कंपन्यांचे मनोरे उभे आहेत. डोंगरांत बंगले झाले, जमिनी विकल्या गेल्या. सून कंपनीत कामाला जाते, सासू घरात दूरदर्शन संचासमोर बसते आणि दोघींच्याही मनात काय साचले आहे हे दोघींनाही ठाऊक नसते. हातातल्या मोबाइलवर दिवसभर दुसऱ्यांचे बोलणे येते. आपले बोलणे कुठे ठेवायचे?

माझे म्हणणे एवढेच आहे, की जात्याची ती जागा वही घेऊ शकते. हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. ओवीपासून वहीकडे जाणारी वाट आपल्याकडे आधीच पडलेली आहे.

पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढल्या, तेव्हा त्यांच्या शाळेतली मुक्ता नावाची मांग समाजातली एक लहान मुलगी लिहायला शिकली. हाती लेखणी आल्यावर तिने काय लिहिले? मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध. १८५५ साली तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. पिढ्यान्‌पिढ्या साचलेले लेखणी मिळताच बाहेर आले. लक्ष्मीबाई टिळकांचे शिक्षण जेमतेम. त्यांनी उतारवयात 'स्मृतिचित्रे' लिहिली, १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. धर्मांतर, ताटातूट, पुन्हा एकत्र येणे, एवढ्या मोठ्या उलथापालथीकडे पाहून त्यांना हसताही आले. दुःख लिहून समोर ठेवले की त्याच्याकडे असे जरा दुरून पाहता येते.

आणि साने गुरुजी तर शिक्षकांचेच. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिकवत. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले एक दैनिक काढीत. रोज! शाळेचे काम, मुलांची शुश्रूषा, वसतिगृहाची देखरेख हे सारे सांभाळून. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी गुरुवार ९ फेब्रुवारीला लिहायला बसून सोमवार १३ फेब्रुवारीच्या पहाटे 'श्यामची आई' पुरी केली. त्यांची आई १९१७ साली गेली होती. पंधरा वर्षांहून अधिक काळ उरात असलेले पाच दिवसांत कागदावर उतरले, कारण हात रोजच्या लिहिण्याने तयार झाला होता. रोज थोडे लिहिणाऱ्यालाच एखाद्या दिवशी पुष्कळ लिहिता येते. आणि ध्यानात घ्या, ज्यांनी आईवर हे पुस्तक लिहिले, त्याच गुरुजींनी घरोघरच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवून 'स्त्रीजीवन' या नावाने दोन भागांत छापल्या. ओवी आणि वही यांचे नाते त्यांना पक्के ठाऊक होते.

पण इथे मला एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाही तर तुमची दिशाभूल होईल. इतके लिहिणाऱ्या, इतके रडू कागदावर सांडणाऱ्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपले जीवन स्वतःच संपवले. तेव्हा लिहिणे हे सर्व दुःखावरचे औषध आहे, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वही ऐकते, पण वही हात धरत नाही. जात्याला दोघी का बसत, याचा अर्थ इथे कळतो.

आता शास्त्र काय म्हणते तेही पाहू. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सास प्रांतात जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकारी संशोधिकेबरोबर एक प्रयोग केला. कॉलेजातली ४६ मुले घेतली. रोज १५ मिनिटे, असे ओळीने चार दिवस त्यांना लिहायला बसवले. काहींना साध्या विषयांवर लिहायला सांगितले, काहींना आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगावर. दुखऱ्या प्रसंगावर लिहिणारी मुले त्या चार दिवसांत जास्तच खिन्न झाली. पण पुढच्या सहा महिन्यांत, ज्यांनी घडलेली हकीकत आणि त्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांना दवाखान्यात जावे लागण्याची वेळ इतरांपेक्षा कमी आली. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. २००६ साली एका संशोधिकेने तशा १४६ प्रयोगांची एकत्र छाननी केली. गुण येतो, पण तो मोठा नसतो, थोडा असतो, असे तीत दिसले. थोडा तर थोडा! शेतकऱ्याला थोड्या ओलीची किंमत कळते.

पेनेबेकर यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ती मला फार भावली. ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळले' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना गुण अधिक आला. तेच तेच गाऱ्हाणे गात राहिलेल्यांना तितका नाही. इतिहास लिहिणाराही हेच करतो. नुसते काय झाले ते सांगून तो थांबत नाही, ते का झाले हे शोधतो. मनाचे तसेच आहे. 'माझ्यावर अन्याय झाला' या वाक्यापाशी मन थांबले की ते घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते. 'का झाला' हे लिहायला लागले की बैल घाण्यातून सुटून वाटेला लागतो.

तर मग करायचे काय? जात्याने शिकवलेल्या त्या चार गोष्टी वहीला लावा.

वेळ ठरवा. पहाटे किंवा निजायच्या आधी, पंधरा मिनिटे, घड्याळ पाहून. शेतीचे दिवस असतील तर पाच मिनिटे. पण त्या वेळेला वही उघडायचीच. शंभर पानी साधी वही पुरे, तिला थाट नको.

हात चालू ठेवा. सुचत नसेल तर दिवसाचे साधे लिहा: पाऊस किती झाला, म्हैस किती लिटर दूध देते, कोण भेटले, कोण काय बोलले. ओवीची पहिली ओळ अशीच साधी असे. दुसरी ओळ आपोआप येते. शुद्धलेखनाची काळजी करू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून मन खोटे होत नाही.

आडोसा घ्या. 'मी' लिहायला धजत नसाल तर 'एक होती बाई' किंवा 'एका गावात एक मास्तर होता' असे लिहा. घरात वही कोणी उघडेल अशी धास्ती असेल, आणि पुष्कळ बायांना ती असते, तर लिहून झाल्यावर पान फाडून चुलीत घाला. लिहिण्याने व्हायचे ते काम झालेले असते.

सोबत ठेवा. वहीतले सगळे दाखवायला नको, पण आठवड्यातून एकदा एखाद्या विश्वासाच्या माणसाशी बोला. आणि मन फारच काळवंडून आले, जगणे नकोसे वाटू लागले, तर वहीवर विसंबू नका. घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' नावाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतूनही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे माझी दोन मागणी आहेत. एक, वर्गात दिवसाची शेवटची दहा मिनिटे मुलांना रोजनिशी लिहू द्या. पण ती तपासू नका, तिला गुण देऊ नका, आणि मुलाने आपण होऊन दाखवल्याशिवाय वाचूही नका. तुमची तांबडी शाई त्या पानावर पडली की ते पान परीक्षेचे होते आणि मूल खरे लिहायचे थांबते. एखाद्या मुलाने दाखवले आणि त्यात घरच्या जाचाचे काही असले तर मात्र ते हसण्यावारी नेऊ नका, आणि वर्गात वाचूनही दाखवू नका. त्या मुलाच्या पाठीशी उभे राहा.

दुसरे मागणे आजींचे. तुमच्या गावात अजून अशी एखादी म्हातारी असेल, जिने जाते ओढले आहे. मुलांना वही देऊन तिच्याकडे पाठवा. तिच्या ओव्या, तिच्या शब्दांत, तिच्या बोलीत उतरवून घ्या, आणि तिची हरकत नसेल तर खाली तिचे नाव आणि गाव लिहा. मुळशीच्या धरणाखाली बुडालेल्या घरांतल्या बायांचे बोलणे आपल्याला मिळाले नाही. तुमच्या गावातल्या आजीचे अजून मिळू शकते. पण तिचे वय झाले आहे, तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

रोजकिर्दीत दिवसाअखेर शिल्लक काढावी लागे आणि तीच दुसऱ्या दिवशीच्या पानावर आरंभीची शिल्लक म्हणून ओढली जाई. मनाचीही शिल्लक अशीच उद्यावर जाते. ती लिहून, मोजून, समजून पुढे नेली तर तिचा भार होत नाही. वही घ्यायला बाजारात जावे लागणार नाही. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांत कोरी पाने पुष्कळ उरलेली असतात. त्यांतली एक घ्या आणि आज रात्री वरच्या कोपऱ्यात तारीख घाला.